पेठेची शान, घरची काळजी

दुपारचे साडेतीन वाजले की कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत, मंगळवार पेठेत, जुन्या बुधवारात एक वेगळीच लगबग सुरू होते. किराणा दुकानदार गल्ला धाकट्या भावाच्या हाती सोपवतो. रिक्षावाला लांबचे भाडे नाकारतो. कॉलेजची मुले दुचाकीवर तिघे-तिघे बसून निघतात. सर्वांची तोंडे एकाच दिशेला असतात, राजर्षी शाहू स्टेडियमकडे. आज पेठेच्या संघाची मॅच असते.

आणि दारात उभी राहून एखादी आई मुलाला बजावत असते, ''मॅच संपली की सरळ घरी ये. भांडणात पडू नकोस.''

त्या एका वाक्यात कोल्हापूरच्या फुटबॉलची सगळी कहाणी आहे. या खेळावर या शहराचे जेवढे प्रेम आहे, तेवढीच त्याची धास्तीही घराघरांत आहे. देशात क्रिकेटचे वेड सर्वत्र दिसते. मात्र ज्या संघाचे नाव तालुक्याबाहेर फारसे कोणाला माहीत नाही, अशा संघासाठी हजारो माणसांनी काम सोडून उन्हात बसावे, असे महाराष्ट्रातील दुसऱ्या एखाद्या शहरात क्वचितच पाहायला मिळेल.

तालमीतून मैदानात

कोल्हापूर मुळात कुस्तीचे शहर. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, १९१२ साली खासबागचे मैदान बांधले आणि पेठापेठांतील तालमींना बळ दिले. तालीम म्हणजे केवळ लाल मातीचा हौद नव्हे. पेठेचा गणपती तालमीत बसतो, मोहरमचा पंजाही काही तालमींत बसतो. कोणाच्या घरी मयत झाली तर पहिली माणसे तालमीतून धावतात. लग्नातला मांडव, पुरातली मदत, निवडणुकीची बैठक, सगळे तिथेच.

संस्थानच्या काळात फुटबॉल शहरात आला. राजघराण्याने त्याला हात दिला आणि १९४० साली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली 'केएसए', स्थापन झाली. इतर शहरांत फुटबॉल गिरण्या, कंपन्या, पलटणी आणि महाविद्यालयांच्या आधाराने वाढला. कोल्हापुरात तो तालमींनी उचलला. त्यामुळे येथील संघांची नावे ऐकली की शहराचा नकाशाच डोळ्यांपुढे उभा राहतो. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, संयुक्त जुना बुधवार पेठ, उत्तरेश्वर प्रासादिक वाघाची तालीम, ऋणमुक्तेश्वर तालीम, फुलेवाडी क्रीडा मंडळ. संध्यामठ तरुण मंडळाचे नाव तर रंकाळ्याच्या पाण्यातील दगडी संध्यामठावरून आलेले. प्रॅक्टिस क्लबसारखे इंग्रजी वळणाचे नाव या यादीत जरा वेगळे वाटते, पण त्याचे समर्थकही तितकेच कट्टर कोल्हापुरी.

केएसएच्या वरिष्ठ गटात सोळा संघ खेळतात. त्याखाली आणखी गट आहेत. तळाला राहणारा संघ खाली जातो, खालचा वर येतो. हिवाळ्यात सुरू झालेला हंगाम उन्हाळ्यापर्यंत चालतो. साखळी स्पर्धा संपली की बाद पद्धतीचे चषक सुरू होतात. देशाच्या फुटबॉलच्या शिडीवर हे संघ बऱ्याच खालच्या पायरीवर आहेत. २०१४ पासून दूरचित्रवाणीवर झळकणारी इंडियन सुपर लीग आणि त्याखालची राष्ट्रीय लीग यांच्याशी त्यांची तुलना होऊ शकत नाही. पण पेठेतल्या माणसाला त्याचे सोयरसुतक नसते. त्याच्या दृष्टीने जगातली सर्वांत मोठी मॅच म्हणजे शेजारच्या पेठेशी असलेली मॅच.

पाहुणे आले, नाते उरले

असे वेड फक्त कोल्हापुरातच आहे काय? नाही. ज्या देशाशी कोल्हापूरचे एक जुने, हृद्य नाते आहे, त्या पोलंडमध्येही ते तितकेच दिसते.

दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत रशियाच्या श्रमछावण्यांतून सुटलेले पोलिश निर्वासित इराणमार्गे भारतात आले. त्यांपैकी सुमारे पाच हजार जणांची वसाहत कोल्हापूरजवळ वळिवडे येथे उभी राहिली. बहुतेक स्त्रिया आणि मुले. १९४३ ते १९४८ अशी पाच वर्षे ही माणसे तिथे राहिली. शाळा, चर्च, बालवीरांची पथके असे छोटे पोलंडच त्यांनी पंचगंगेच्या खोऱ्यात वसवले होते. वॉर्सामध्ये वळिवडे-कोल्हापूर छावणीच्या आठवणीचे स्मारक आहे आणि २१ ऑगस्ट २०२४ रोजी भारताच्या पंतप्रधानांनी तिथे पुष्पचक्र वाहिले.

पोलंडमध्ये फुटबॉलची शिडी लांबलचक आहे. सर्वांत वरच्या लीगला 'एक्स्ट्राक्लासा' म्हणतात. तिच्या खाली जी आहे तिचे नाव मात्र 'पहिली लीग', म्हणजे पहिली म्हणवणारी प्रत्यक्षात दुसरी! तिच्याखाली दुसरी, तिसरी, चौथी असे करत ही शिडी थेट खेड्यापर्यंत उतरते. खालच्या पायऱ्यांवरील क्लबांची नावेही बोलकी असतात. गुर्निक म्हणजे खाणकामगार, हुतनिक म्हणजे लोखंड गाळणारा, स्ताल म्हणजे पोलाद. आपल्याकडे संघाच्या नावात तालीम आणि देऊळ, तर तिकडे खाण आणि भट्टी. माणूस जिथे घाम गाळतो, तिथलेच नाव छातीवर मिरवतो.

त्यातली एका क्लबाची कहाणी तर कोल्हापूरकरांना आपलीच वाटावी. लॉड्झ हे पोलंडमधले कापडगिरण्यांचे शहर, आपल्या गिरणगावासारखे. तिथल्या कामगार वस्तीतला विजेव्ह हा क्लब. १९८२-८३ च्या हंगामात त्याने युरोपियन चषकात बलाढ्य लिव्हरपूलला बाहेर काढून उपांत्य फेरी गाठली होती. पुढे गिरण्या बंद पडल्या, पैसा आटला आणि २०१५ साली क्लब दिवाळखोरीत निघाला. त्याला थेट पाचव्या पायरीवरून नव्याने सुरुवात करावी लागली. दुसरीकडे असते तर लोक विसरून गेले असते. इथे उलटेच घडले. २०१७ मध्ये नवे स्टेडियम उघडले आणि खालच्या लीगमध्ये खेळणाऱ्या या संघाची पंधरा हजारांहून अधिक हंगामी तिकिटे समर्थकांनी विकत घेतली. २०२२ मध्ये विजेव्ह पुन्हा सर्वोच्च लीगमध्ये परतला. सात वर्षे क्लब जिवंत राहिला तो गॅलरीतल्या माणसांमुळे.

पण याच शहराची दुसरी बाजूही आहे. लॉड्झमधल्या दोन क्लबांच्या समर्थकांचे वैर इतके जहाल की शहराच्या भिंती एकमेकांना दिलेल्या शिव्यांनी रंगलेल्या असतात. १९९० च्या दशकात पोलंडमध्ये मारामाऱ्यांमुळे कुटुंबवत्सल माणसे मैदानापासून दूर राहू लागली होती. म्हणजे ज्या प्रेमाने क्लब तगवला, त्याच प्रेमाने बायकामुलांना मैदानाबाहेर ठेवले.

संघ म्हणजे पत्ता

माणसे संघावर एवढा जीव का लावतात? कारण संघ हा त्यांचा पत्ता असतो. 'तू कुठला?' या प्रश्नाचे ते उत्तर असते.

गाव सोडलेल्या माणसाला हे अधिक कळते. दिल्लीतले उदाहरण घ्या. करोल बागेत सोन्याचांदीची गलाई करणारी मराठी कुटुंबे वर्षानुवर्षे राहत आहेत. त्यांपैकी कित्येक सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी भागातून भट्टी आणि मूस घेऊन आलेली. परक्या शहरात त्यांनी गणेशोत्सव उभा केला, कारण वर्षातून दहा दिवस तरी आपण कोण हे मुलांना कळावे. त्याच दिल्लीत गढवालहून आलेल्या लोकांनी १९५३ साली गढवाल हिरोज हा फुटबॉल क्लब काढला. डोंगरातून आलेल्या माणसांना कचेरीचे आणि घरकामाचे कष्ट संपल्यावर आपल्या बोलीत ओरडण्यासाठी एक जागा मिळाली. हा क्लब पुढे राष्ट्रीय पातळीवरील दुसऱ्या श्रेणीच्या लीगपर्यंत पोहोचला.

कोल्हापूरचा माणूस गावातच राहतो, तरी त्यालाही असा पत्ता हवा असतो. शहर वाढले, वाड्यांच्या जागी इमारती आल्या, कित्येक कुटुंबे पेठ सोडून उपनगरांत गेली. पण मॅचच्या दिवशी ती पुन्हा पेठेची होतात. आजोबा, वडील आणि नातू एकाच संघाचे समर्थक असलेली घरे येथे शोधावी लागत नाहीत. लग्न होऊन दुसऱ्या पेठेत गेलेली मुलगी माहेरचा संघ जिंकला की सासरी हळूच हसते, हा तर घराघरांतला विनोद आहे.

मैदानावरचा मुलगा

गॅलरीतून नजर काढून जरा मैदानावर टाकू या. तिथे धावणारा एकवीस-बावीस वर्षांचा मुलगा कोण असतो? बहुधा साध्या घरातला. वडील रिक्षा चालवतात, फाउंड्रीत जातात किंवा छोटा धंदा करतात. पेठेत त्याला सगळे ओळखतात. चहाच्या टपरीवर त्याचे पैसे घेत नाहीत. गोल केला की खांद्यावर घेऊन मिरवणूक निघते, गुलाल उधळला जातो. घरच्यांची मान उंच होते.

पण तिसाव्या वर्षी काय? हा प्रश्न गुलालात झाकला जातो. एके काळी मुंबईच्या कंपन्या आणि गिरण्या चांगल्या खेळाडूला नोकरी देत. कायम नोकरी, पगार आणि खेळाला सवलत. हळूहळू ते संघ बंद झाले. महिंद्रा युनायटेडसारखा देशभर गाजलेला संघही २०१० साली विसर्जित झाला. महाराष्ट्र सरकारच्या नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे खरे, पण त्यासाठी राज्य-राष्ट्रीय पातळीवरच्या मान्यताप्राप्त स्पर्धांतली कामगिरी लागते. पेठेच्या चषकातला गोल, तो कितीही देखणा असला तरी, त्या अर्जावर लिहिता येत नाही.

त्यातच गुडघा दुखावला तर? फुटबॉलमध्ये गुडघ्याचे स्नायुबंध तुटणे ही नेहमीची दुखापत. शस्त्रक्रिया महाग आणि नंतर सहा ते नऊ महिने मैदानाबाहेर. संघ आणि पेठ वर्गणी काढून मदत करतात, पण विमा नसेल तर उरलेला भार अखेर घरावरच पडतो.

दुसरीकडे, चषक जिंकण्याच्या ईर्षेपोटी संघ नायजेरिया, घाना अशा देशांतील खेळाडू आणू लागले. त्यांच्या येण्याने खेळ वेगवान झाला, स्थानिक मुलांना शिकायलाही मिळाले. पण त्यांच्या मानधनाचा, राहण्याजेवणाचा पैसा पेठेच्या वर्गणीतून आणि पुढाऱ्यांच्या देणगीतून येतो. तोच पैसा बारा वर्षांच्या मुलांच्या प्रशिक्षणावर किती खर्च होतो, असे विचारले तर तालमीच्या बैठकीत शांतता पसरेल.

वाट नाही असे मात्र नाही. कोल्हापूरच्या एका रिक्षाचालकाचा मुलगा, अनिकेत जाधव, लहान वयात पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला. २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात तो भारताच्या संघातून खेळला आणि पुढे इंडियन सुपर लीगमध्ये पोहोचला. निखिल कदमने कोलकात्याच्या मोहन बागानची जर्सी घातली. हे दोघेही पेठेच्या वातावरणातून आले, पण वेळीच शास्त्रशुद्ध शिक्षण मिळाले म्हणून पुढे गेले. गुणी मुले शहरात कमी नाहीत. कमी आहे ती त्यांना चौदाव्या वर्षी योग्य हाती सोपवण्याची घाई.

दगड कोणाच्या डोक्यात?

आता त्या आईच्या धास्तीकडे येऊ. गेल्या काही वर्षांत कोल्हापुरात किती तरी मॅचना गालबोट लागले. आधी घोषणा, मग हावभाव, मग पाण्याच्या बाटल्या आणि शेवटी दगड. मैदानावरचे भांडण रस्त्यावर आणि रस्त्यावरचे पेठेत जाते. खेळ थांबवावा लागतो, पोलिसांना लाठी उचलावी लागते, समर्थकांवर गुन्हे दाखल होतात, संघांवर कारवाई होते. पूर्वी टोमणे गॅलरीतच विरून जात. आता ते मोबाइलवर येतात, रात्रभर फिरतात आणि दुसऱ्या दिवशी राग ताजा ठेवतात.

दगड उचलणाऱ्या एकोणीस वर्षांच्या मुलाला वाटते, आपण पेठेची अब्रू राखली. पण गुन्ह्याची नोंद पेठेच्या नावावर होत नाही, त्याच्या नावावर होते. पुढे पोलीस भरतीचा किंवा लष्कराचा अर्ज भरताना, पासपोर्ट काढताना ती नोंद आडवी येते. कोर्टाच्या तारखांना पेठ जात नाही, आई-वडील जातात. आणि ज्याच्या डोक्यात दगड बसला, तो दुसऱ्या पेठेतला असला तरी पावसाळ्यात पंचगंगा चढते तेव्हा त्याच्याच घरातून आपल्याकडे भाकरी येते. २०१९ च्या महापुरात याच शहरातल्या तालमी आणि मंडळे पेठेची हद्द न पाहता पाण्यात उतरली होती. तेव्हा जे जमले, ते मॅचच्या दिवशी का जमू नये?

मारामारीचा सर्वांत मोठा तोटा डोळ्यांना दिसत नाही. तिच्यामुळे निम्मे शहर मैदानाबाहेर राहते. शाहू स्टेडियमच्या गॅलरीत पुरुषांची दाटी असते आणि स्त्रिया मोजक्याच. स्त्रियांना फुटबॉल आवडत नाही, असे कोण म्हणेल? २०१७ च्या अखेरीस इंडियन वुमन्स लीगची प्राथमिक फेरी याच शहरात झाली. २०१८-१९ च्या हंगामात एफसी कोल्हापूर सिटी हा महिलांचा संघ देशाच्या सर्वोच्च लीगमध्ये उतरला. म्हणजे ज्या शहरात पुरुषांचे संघ पेठेच्या चषकासाठी झुंजत होते, त्याच शहराच्या मुली देशातल्या उत्तम संघांशी खेळून आल्या. त्यांच्या मिरवणुकीला किती गुलाल उधळला गेला, हे ज्याने त्याने आठवून पाहावे.

घरच्यांच्या हाती बरेच आहे

हे सारे केवळ पोलिसांवर आणि केएसएवर सोपवून चालणार नाही. तालीम ही घरांची मिळून झालेली आहे. तिची वर्गणी घरातून जाते, मग तिला प्रश्नही घरातून विचारले गेले पाहिजेत.

मुलगा संघात खेळत असेल तर आई-वडिलांनी हंगामाच्या सुरुवातीलाच विचारावे, विमा उतरवला आहे का? मैदानावर डॉक्टर असतो का? दुखापत झाली तर खर्च कोण देणार? हे विचारण्यात संकोच कसला? परीक्षेच्या दिवसांत सराव किती, हेही ठरवून घ्यावे. खेळ आणि शिक्षण यांत एकच निवडा असे मुलाला सांगू नये, पण दहावी-बारावी सोडून देण्याची मुभाही देऊ नये. मुलगा बारा-तेरा वर्षांचा आणि खरोखर चांगला असेल तर पेठेच्या कौतुकात अडकवून न ठेवता त्याला प्रबोधिनीच्या निवड चाचणीला घेऊन जावे.

मुलगा केवळ समर्थक असेल तर? त्याला घरात कोंडून काही साधणार नाही. उलट त्याच्याबरोबर जावे. आई, बहीण, आजी शेजारी बसली असताना तोंडात शिवी आणि हातात दगड येणे अवघड असते. तालमींनी आणि संयोजकांनी कुटुंबांसाठी वेगळी गॅलरी, स्वच्छतागृह आणि पिण्याचे पाणी यांची सोय केली, तर हा बदल एका हंगामात दिसू लागेल. वर्गणीचा ठरावीक हिस्सा लहान मुलामुलींच्या प्रशिक्षणासाठी बाजूला ठेवण्याचा ठराव तर कोणत्याही तालमीला एका बैठकीत करता येईल.

लॉड्झच्या समर्थकांनी आपला क्लब पाचव्या पायरीवरून वर आणला, तो तिकिटे विकत घेऊन आणि दर आठवड्याला गॅलरीत हजर राहून. दगड फेकून कोणताही क्लब एक पायरीही वर चढलेला नाही. कोल्हापूरच्या तालमींकडे तर त्याहून मोठे भांडवल आहे. तीन-तीन पिढ्यांची निष्ठा आणि गरजेला धावून जाणारी शेकडो घरे पैशांनी विकत मिळत नाहीत.

संध्याकाळी मॅच संपते. स्टेडियमच्या दारातून गर्दी बाहेर पडते आणि पेठांच्या दिशेने पांगते. कोणी जिंकलेले, कोणी हरलेले. दारातली आई अजून रस्त्याकडे पाहत असते. मुलगा कोपऱ्यावर दिसला की तिचा पहिला प्रश्न असतो, ''लागलं नाही ना कुठं?'' निकाल ती नंतर विचारते. ज्या दिवशी ती आधी निकाल विचारेल, त्या दिवशी कोल्हापूरचा फुटबॉल खरा जिंकला असे म्हणता येईल.